काही महिन्यांत कारागीर : युद्धकाळातलं बंगळुरू आणि आजचे कोर्स



गेल्या काही भागांनंतर तुमची जी पत्रं आली, त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. सोलापूरचे एक निवृत्त शिक्षक विचारतात, बेळगावची एक आई विचारते, इंदूरचा एक मुलगा विचारतो. शब्द वेगळे, प्रश्न एकच : "कर्नलसाहेब, तुम्ही बंगळुरूत राहता. तिकडे चार-सहा महिन्यांचा एखादा कोर्स केला तर नोकरी लागते का? सध्या कशाला मागणी आहे?"

मी नोकरीचा सल्लागार नाही. माझी सगळी नोकरी लष्कराच्या ईएमई कोअरमध्ये झाली. गाड्या, तोफा, रणगाडे, रेडिओ यांची देखभाल आणि दुरुस्ती करणारी ही कोअर. तिथे मी एकच काम सतत पाहिलं : गावाकडून आलेल्या पोराच्या हातात पान्हा द्यायचा आणि त्याला कारागीर करायचं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासातून देणार आहे. काही महिन्यांत माणूस कामाचा कारागीर होतो का? होतो. आपल्या देशात ते एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं गेलं आहे, आणि त्या गोष्टीचा एक महत्त्वाचा भाग याच बंगळुरूत घडला. कशामुळे ते जमलं आणि पुढे काय झालं, हे समजलं की आजचा कोर्स पारखायला दुसऱ्या कुणाची गरज पडणार नाही.

पंचवीस लाखांची फौज आणि पान्हा धरणारे हात

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानी फौज साधारण दोन लाखांची होती. १९४५ मध्ये ती पंचवीस लाखांच्या घरात गेली. पोवाड्यात शोभावा असा हा आकडा. पण त्यामागची अडचण फारशी कुणी सांगत नाही.

ही फौज घोड्यांची आणि खेचरांची राहिली नव्हती, मोटारींची झाली होती. प्रत्येक बटालियनला ट्रक हवेत, ट्रकला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरमागे मेकॅनिक हवा. रेडिओ आला की तो दुरुस्त करणारा हवा. शिवाय दारूगोळ्याचे आणि शस्त्रांचे कारखाने दिवसरात्र चालणार, तिथे फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर, इलेक्ट्रिशियन हवेत. आणि हे सगळे आणायचे कुठून? रेल्वेची वर्कशॉप्स, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, टाटांचा जमशेदपूरचा कारखाना, मोजकी बंदरं आणि गोद्या. तयार कारागीर तिथेच होते. त्यांना उचलावं तर रेल्वे आणि गिरण्या बंद पडणार.

सरकारने दोन गोष्टी केल्या. १९४० मध्ये एक वटहुकूम काढून तंत्रज्ञांना राष्ट्रीय कामासाठी बोलावण्याचा अधिकार हातात घेतला. आणि त्याच सुमारास कामगार खात्याच्या देखरेखीखाली तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू केली. नव्या इमारती बांधत बसले नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजं, तांत्रिक शाळा, रेल्वेची आणि खासगी कारखान्यांची वर्कशॉप्स, जिथे लेथ आणि भट्टी होती तिथेच वर्ग सुरू केले. काही प्रशिक्षक ब्रिटनहून आणले. शिकणाऱ्याकडून फी घेतली नाही, उलट त्यालाच विद्यावेतन दिलं. मुदत व्यवसायानुसार काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंत.

इथे थोडं थांबा. शिकणारा पोरगा वर्गात पाऊल टाकतो तेव्हाच तो पुढे कुठे जाणार हे ठरलेलं होतं. फौजेच्या तांत्रिक तुकड्या, हवाई दल, दारूगोळ्याचे कारखाने किंवा युद्धाच्या मागणीवर चालणारा खासगी कारखाना. ज्याला माणूस हवा होता, तोच किती हवेत आणि कसले हवेत हे सांगत होता. कोर्स आधी काढला आणि नोकरी मागाहून शोधली, असा प्रकार नव्हता.

माझ्या ईएमई कोअरचा जन्मही याच गरजेतून झाला. हिंदुस्थानात ती १९४३ मध्ये उभी राहिली. त्याआधी दुरुस्तीचं काम प्रामुख्याने ऑर्डनन्सकडे होतं. गाड्या इतक्या वाढल्या की दुरुस्तीसाठी वेगळी कोअर लागली.

सोलापूरचे वालचंद आणि बंगळुरूचं विमान

आता बंगळुरूकडे येऊ.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांचं नाव साखर, जहाजं आणि मोटारी यांच्याशी जोडलेलं आपल्याला माहीत असतं. १९३९ च्या शेवटी अमेरिकेतून परतताना प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानं जुळवण्याचा कारखाना चालवत होता. वालचंदांच्या डोक्यात विचार आला : चीनमध्ये होतं, तर आपल्याकडे का नाही?

जागेसाठी म्हैसूर संस्थान पुढे आलं. दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. मार्च १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार तिच्यात भागीदार झालं. अमेरिकन सुटे भाग, अमेरिकन तंत्रज्ञ आणि हात आपले. १९४१ मध्येच हार्लो जातीचं शिकाऊ विमान इथे जुळवून आकाशात गेलं. १९४२ मध्ये कर्टिस हॉक जातीचं लढाऊ विमान उडालं. ज्या देशात मोटारगाडीसुद्धा मुळापासून बनत नव्हती, तिथे हे घडलं.

ही कथा सांगताना आपण नेहमी म्हणतो, बघा, इच्छाशक्ती असली की वर्षभरात विमान उडतं. इच्छाशक्ती होतीच. पण मी वर्कशॉपमधला माणूस आहे. त्या विमानाच्या पत्र्याला रिबीट ठोकणारे हात कुणाचे होते, हे मी आधी विचारतो.

ते हात रिकाम्या जमिनीतून उगवले नव्हते. म्हैसूर संस्थानात तांत्रिक कामाची चाळीस वर्षांची मशागत झालेली होती. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचवली गेली. खाणी म्हटल्या की पंप आले, लिफ्ट आल्या, फिटर आणि वीजतंत्री आले. १९०९ मध्ये टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूरने दिलेल्या जागेवर भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झालेले आणि मुंबई इलाख्यात वर्षानुवर्षं काम केलेले विश्वेश्वरय्या १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या काळात, १९१७ मध्ये, बंगळुरूला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पुढे १९२३ पासून भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना चालू लागला. संस्थानात रेल्वे होती, तिची वर्कशॉप्स होती.

म्हणजे १९४१ मध्ये विमान कारखान्याच्या दारात जो माणूस उभा राहिला, त्याच्या आसपास कुणी ना कुणी यंत्रावर काम केलेलं होतं. त्याला नव्याने शिकायचं होतं ते विमानाचं काम : पातळ पत्रा कसा हाताळायचा, रिबीट कसं बसवायचं, मोजमापात किती चूक चालते. लोखंडाला किंवा हत्याराला तो बिचकत नव्हता.

१९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने कारखान्याचा कारभार ताब्यात घेतला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाई दलाकडे गेला आणि नवी विमानं बांधण्याऐवजी दुरुस्तीवर भर आला. चीन-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची विमानं दुरुस्तीला इथे येत. कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं तर बेल्लंदूरच्या तलावात उतरत आणि तिथून कारखान्यात आणली जात. आज त्या तलावाच्या काठाने सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बसेस धावतात. आतल्या मुलांना मी हे सांगितलं की त्यांना गंमत वाटते.

दुरुस्ती ही फार मोठी शाळा असते. नवीन यंत्र जुळवताना नकाशाप्रमाणे वागलं की चालतं. मोडलेलं यंत्र समोर आलं की ते का मोडलं याचा विचार करावा लागतो. बंगळुरूच्या कामगारांना ही शाळा ऐन युद्धात मिळाली.

याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे डॉ. विष्णू माधव घाटगे होते. जर्मनीत ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाकडे त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली होती. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याच्या उभारणीत त्यांचा हात होता. म्हणजे ऐन धुमश्चक्रीत, एकीकडे घाईघाईने कारागीर तयार होत असताना, दुसरीकडे लांब पल्ल्याचं शिक्षणही त्याच गावात सुरू झालं. हे दोन्ही शेजारी शेजारी चाललं, हे लक्षात ठेवा.

बेव्हिनची मुलं

याच काळातली आणखी एक योजना आज जवळजवळ विसरली गेली आहे.

अर्नेस्ट बेव्हिन हा ब्रिटनचा कामगारमंत्री. स्वतः कामगार चळवळीतून वर आलेला. त्याच्या पुढाकाराने १९४१ पासून हिंदुस्थानातल्या तरुण कारागिरांच्या लहान लहान तुकड्या ब्रिटनला जाऊ लागल्या. त्यांना 'बेव्हिन बॉइज' म्हणत. ब्रिटनमध्ये पुढे सक्तीने कोळशाच्या खाणीत पाठवलेल्या पोरांनाही हेच नाव पडलं, त्यामुळे आज शोधायला गेलात तर तेच सापडतात. आपली मुलं वेगळी.

ही मुलं आधी लेचवर्थसारख्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात शिकत आणि मग इंग्रज कामगारांच्या खांद्याला खांदा लावून प्रत्यक्ष कारखान्यात काम करत. राहायला इंग्रज कामगार कुटुंबांत. बेव्हिनला त्यांनी कामगार संघटनाही पाहाव्यात असं वाटत होतं. चांगला कारागीर आपली किंमत ओळखणारा असावा, हा त्यामागचा विचार.

या मुलांची निवड कशी होत होती हे महत्त्वाचं आहे. कोरी पाटी असलेले पोरगे पाठवले जात नव्हते. ज्यांनी इथे कारखान्यात काम केलेलं आहे, हाताला वळण आहे, त्यांना काही महिन्यांसाठी पाठवत. परत आल्यावर त्यांनी फोरमनच्या पायरीवर चढावं आणि इतरांना शिकवावं ही अपेक्षा.

आता याला अमेरिकेतलं उदाहरण जोडून पाहा. १९४० मध्ये अमेरिकेने कारखान्यांतल्या मुकादमांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, म्हणजे अवघे दहा तास. त्या दहा तासांत एकच गोष्ट शिकवायची : नवख्याला काम कसं समजावून द्यायचं. आधी त्याची तयारी करून घ्या, मग काम करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवा. या चार पायऱ्यांचं मूळ पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार शिकवणाऱ्या चार्ल्स ॲलन या शिक्षकाच्या पद्धतीत होतं. १९४५ पर्यंत दीड दशलक्षाहून जास्त लोकांनी हे प्रशिक्षण घेतलं. युद्धानंतर जपानने ते उचललं, आणि टोयोटासारख्या कारखान्यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत ते आजही दिसतं.

दहा तासांचा कोर्स! त्या युद्धातल्या सगळ्यात यशस्वी कोर्सपैकी एक. पण तो कुणासाठी होता? वीस-वीस वर्षं मशीनवर घालवलेल्या माणसांसाठी.

माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. कोर्स जितका छोटा, तितका तो आधीच्या पायावर उभा असतो. फौजेत नवं वाहन आलं की मुरलेल्या मेकॅनिकला आम्ही थोड्या आठवड्यांच्या वर्गाला पाठवत असू, आणि तो परत येऊन ते वाहन खोलत असे. तोच वर्ग रंगरुटाला दिला तर तो पुस्तकातली चित्रं पाठ करून येईल. रंगरुटाला आधी कानस धरायला शिकवावी लागते. लोखंडाचा ठोकळा घासून घासून काटकोनात आणताना त्याच्या तळहाताला फोड येतात आणि त्याला वाटतं, उस्ताद आपल्याला उगाच छळतोय. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. उस्ताद छळत नसतो. तो पाया भरत असतो.

कामगार खातं आणि बाबासाहेब

जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खात्याचे सदस्य झाले आणि १९४६ पर्यंत ते खातं त्यांच्याकडे होतं. म्हणजे तांत्रिक प्रशिक्षण योजना आणि बेव्हिन योजना, दोन्ही त्यांच्याच खात्याच्या. बाबासाहेबांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे कमी बोलला जातो.

त्याचं महत्त्व समजायला थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे धंदा शिकायचा म्हणजे बापाकडून. लोहाराच्या पोराला भाता, सुताराच्या पोराला रंधा. ज्याच्या घरात हत्यार नाही, त्याच्या हातात हत्यार येणार कुठून? शेतमजुराच्या पोराला फिटर व्हायचं असेल तर त्याला आत घेणारं दारच नव्हतं. सरकारी वर्गात जन्माने मिळालेला धंदा कुणी विचारत नव्हतं. शिकायला पैसे लागत नव्हते, उलट हातात काही पडत होतं.

ऑक्टोबर १९४२ मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं जे निवेदन व्हॉइसरॉयला दिलं, त्यात इतर मागण्यांबरोबर तांत्रिक शिक्षणाचीही मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप्स यांत उमेदवारीची सोय करा, असं त्यांनी मांडलं. शब्द नीट बघा : उमेदवारी. नुसता वर्ग आणि दाखला त्यांनी मागितला नाही. चालू कारखान्यात, पगारी माणसांबरोबर उभं राहून शिकण्याची जागा मागितली. ज्याच्या घरात धंद्याचा वारसा नाही, त्याला वर्गापेक्षा कारखान्याची जास्त गरज असते हे त्यांनी ओळखलं होतं.

युद्धाच्याच काळात त्यांच्या खात्याने कुशल कामगारांसाठी रोजगार विनिमय केंद्रं काढली. शिकलेला माणूस आणि त्याची गरज असलेला कारखाना, यांना एकमेकांचा पत्ता मिळावा म्हणून.

युद्ध संपलं, मागणी संपली

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. मोठी आनंदाची गोष्ट. पण जरा त्या वेल्डरच्या नजरेतून बघा. परवापर्यंत त्याच्यासारखे हजारो हवे होते. आता फौज घरी पाठवायची होती, दारूगोळ्याच्या कारखान्यांच्या पाळ्या बंद होत होत्या. 'सर्वाधिक मागणी असलेलं क्षेत्र' काही महिन्यांत नाहीसं झालं. मागणी ही अशी चीज आहे. ती ज्या वेगाने येते, त्याच वेगाने जाऊ शकते.

सरकारला हे आधी दिसलं होतं. जुलै १९४५ मध्ये, युद्ध संपायच्या आधी, कामगार खात्यात पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय उघडण्यात आलं. काम एवढंच : सुटून येणारे सैनिक आणि कारखान्यांतून कमी होणारे युद्धकामगार यांना मुलकी जीवनात बसवणं. फाळणीनंतर निर्वासितांचं कामही त्याच्याकडे आलं. या संचालनालयातूनच पुढे १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना निघाली, आणि तिच्यातून आपल्या तालुक्या-तालुक्यात दिसणाऱ्या आयटीआय. १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. तुमच्या गावच्या आयटीआयच्या मुळाशी घरी परतणाऱ्या सैनिकाची काळजी आहे, हे सांगताना मला जरा अभिमान वाटतो.

एक फरक मात्र बघा. युद्धातले वर्ग काही महिन्यांचे होते. शांततेच्या काळात त्याच सरकारने मुदत वाढवली. आज आयटीआयमध्ये फिटर व्हायला दोन वर्षं लागतात. १९६१ चा उमेदवारीचा कायदा आला तो त्याच्याही पुढची पायरी म्हणून : शिकलात, आता कारखान्यात उभे राहा. युद्धात कारखान्यात गेल्या गेल्या मुरलेला मिस्त्री शेजारी मिळत होता आणि काम चोवीस तास होतं, म्हणून छोटा कोर्स पुरला. शांततेत ती खात्री नव्हती.

आणि बंगळुरूचे ते विमान कारागीर? त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. विमानाचं काम आटलं तेव्हा कारखान्याने रेल्वेचे डबे बांधायला घेतले, बसच्या बॉडी बांधल्या. पत्रा वाकवणारा, रिबीट मारणारा हात डब्यालाही चालला. त्याच डब्यांच्या विभागातून १९६४ मध्ये बीईएमएल निघाली, जी आज मेट्रोचे डबे बांधते. आणि ज्यांनी विमानाचं काम जिवंत ठेवलं त्यांनी ऑगस्ट १९५१ मध्ये घाटगेंच्या आराखड्यावरचं एचटी-२ हे भारतीय बनावटीचं शिकाऊ विमान आकाशात नेलं. आपल्या वैमानिकांच्या कितीतरी तुकड्या त्याच्यावर शिकल्या.

ते हात मोकळे असल्यामुळेच पुढचे कारखाने या गावात आले. १९४६ मध्ये किर्लोस्करांची विजेच्या मोटारींची कंपनी बंगळुरूत निघाली. हरिहरला त्यांचा लेथचा कारखाना १९४१ पासून होताच. १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये एचएमटीचा, १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना आला. एका युद्धासाठी घाईने तयार झालेले कारागीर एका शहराचं भांडवल झाले. ज्यांना फक्त एकच ठरावीक काम येत होतं, ते मात्र मागे पडले.

आजचा कोर्स पारखताना

आता तुमच्या प्रश्नाकडे.

१५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्यात काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचे वर्ग आहेत. तिचाच एक भाग आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याचा आहे. तो भाग मला आवडतो, कारण गवंड्याच्या आणि मिस्त्रीच्या हातातली विद्या तो मान्य करतो. खासगी क्षेत्रात तर बंगळुरूच्या प्रत्येक चौकात पाट्या आहेत : सॉफ्टवेअर तपासणी, डेटा, क्लाउड, ड्रोन, इलेक्ट्रिक गाड्यांची दुरुस्ती. तुमकुरूला हेलिकॉप्टरचा कारखाना झाला, देवनहळ्ळीला विमान कंपन्या आल्या, बेळगावजवळ हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. मागणी खोटी नाही.

पण आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने इथल्या एका संस्थेत चार महिन्यांचा कोर्स केला. फी भरायला घरची म्हैस विकली. 'नोकरीची हमी' होती. नोकरी लागली ती फोनवरून लोकांना कर्ज विकण्याची. संस्थेच्या लेखी ती 'प्लेसमेंट' झाली. मुलगा हुशार होता. पण त्याच्याकडे कोर्सखालचा पाया नव्हता, आणि कोर्सनंतर त्याला कुठल्या मुरलेल्या माणसाशेजारी बसवतील हे कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. चारही या इतिहासातूनच आलेल्या आहेत.

पहिली : माणसं कुणाला हवी आहेत? कंपनीने आधी जागा सांगून कोर्स काढला आहे, की संस्थेने कोर्स काढून नंतर कंपनी शोधायची ठरवली आहे?

दुसरी : शेवटची परीक्षा कोण घेतो? फौजेत कारागिराची परीक्षा शिकवणारा उस्ताद घेत नाही, बोर्ड वेगळं बसतं. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि फी घेणारा एकच असेल तर सगळेच पास होतात.

तिसरी : कोर्स संपल्यावर पहिले सहा महिने तुम्ही कुणाच्या हाताखाली असाल? याला उत्तर नसेल, तर उमेदवारीची जागा शोधा. विद्यावेतन कमी असलं तरी ती घ्या.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : ही मागणी उद्या संपली, तर शिकलेल्यातलं काय तुमच्याजवळ उरेल? विमानाचा पत्रा ठोकणारा रेल्वेच्या डब्यावर गेला, कारण त्याला पत्रा कळत होता. तुम्हाला एका कंपनीचं एकच सॉफ्टवेअर येत असेल तर ते गेल्यावर तुम्हीही गेलात. गणित, तर्क, आराखडा वाचणं, मोजमाप, नीट लिहिता-बोलता येणं, हा तुमचा पत्रा आहे.

बेळगावच्या ताई, तुमच्या मुलाने आयटीआयची दोन वर्षं पूर्ण केली आहेत असं तुम्ही लिहिलंत. मग सीएनसीचा तीन महिन्यांचा वर्ग त्याने जरूर करावा. त्याच्यासाठी तो पायावर चढवलेला मजला आहे. इंदूरच्या मित्रा, तू बारावीनंतर सगळं सोडून थेट चार महिन्यांच्या वर्गाला यायचं म्हणतोस. तू आधी दोन-तीन वर्षांचं काहीतरी पक्कं कर, आयटीआय, डिप्लोमा किंवा पदवी, आणि मग ये. बंगळुरू कुठे पळून जात नाही. आणि गुरुजी, तुमच्या विद्यार्थ्यांना सांगा, सुट्टीत एखाद्या गॅरेजमध्ये, फाउंड्रीत, छापखान्यात जाऊन उभे राहा. हात काळे झाले तर होऊ द्या.

पुढच्या भागात आपण हरिहरच्या लेथची आणि किर्लोस्करांची गोष्ट घेऊ. तोपर्यंत रजा घेतो.

जय हिंद.